वजिरासमोर राजा

माझे काका माझ्या कॉम्प्युटरला कॉम्प्युटर म्हणत नसत, पंच म्हणत. संध्याकाळी दारात चपला काढता काढताच विचारायचे, "पंच जागे आहेत का?" आणि मी काही बोलायच्या आत खुर्ची ओढून बसलेले असायचे. तो कॉम्प्युटर मी माझ्यासाठी घेतला होता. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी गणित शिकवत होते आणि प्रश्नपत्रिका हाताने लिहून लिहून वैतागले होते. पण त्यात बुद्धिबळाचा प्रोग्राम आला, आणि संध्याकाळपुरती मी माझ्याच घरात पाहुणी झाले.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. बुद्धिबळाचा नाद त्यांना लहानपणापासून होता, पण नोकरीत असताना ते इथल्या हौशी खेळाडूंमध्ये जाऊन बसायला लागले आणि तिथे त्यांना पुस्तकं भेटली. डावाची सुरुवात कशी करावी यावर जाडजूड इंग्रजी पुस्तकं असतात. पहिल्या दहा-बारा चालींचे सगळे फाटे त्यात दिलेले असतात. प्रत्येक सुरुवातीला नाव असतं, आणि कुठली चांगली, कुठली फसवी याचा निकाल मोठमोठ्या खेळाडूंनी आधीच लावून ठेवलेला असतो. काका याला थिअरी म्हणायचे. आता पुस्तकातली थिअरी खरी की खोटी हे मशीनकडून तपासून घ्यायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग झाला.

पद्धत साधी होती. पुस्तकातल्या चाली पडद्यावरच्या पटावर करायच्या आणि थांबायचं. मशीन विचार करायला लागायचं आणि पटाखाली एक आकडा दाखवायचं. आकडा अधिक असला की पांढऱ्याचं बरं चाललंय, उणे असला की काळ्याचं. जितका वेळ मशीनला द्याल तितका ते खोल विचार करणार आणि आकडा हळूहळू बदलत राहणार. काका तो आकडा मोठ्याने वाचायचे. कधी पुस्तकाने चांगली म्हटलेली सुरुवात मशीनला आवडायची नाही, मग काका पुस्तक लिहिणाऱ्याची कीव करत घरी जायचे. कधी नेमका आकडा स्थिरावत आला की लाइन जायची. लाइन गेली की काका माझ्याकडे असे बघायचे, जणू बटण मीच दाबलं.

हे सगळं चालू असताना आई दारापाशी जमिनीवर बसलेली असायची. वडील गेल्यानंतर ती माझ्याकडे राहायला आली होती. बरोबर तिने मेहकरच्या घरातला बुद्धिबळाचा लाकडी पट आणला होता, आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवलेली लाल-हिरवी मोहरी. दुपारी जेवणं झाली की ती पट मांडायची आणि दोन्ही बाजूंनी एकटीच खेळायची. हिरव्याची चाल करताना क्षणभर थांबायची, मान तिरकी करायची, मग चाल करायची. ती आबाजींची, म्हणजे आमच्या आजोबांची सवय होती. हिरव्याकडून आबाजी खेळत, म्हणून हिरव्याची चाल आली की तिची मान आपोआप तिरकी व्हायची.

आईला बुद्धिबळ कसं आलं, ते सांगायला हवं. ती वडनेर भोलजीची, शेतकऱ्याघरची. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा लग्न होऊन मेहकरला आली. आबाजी तहसील कचेरीत कारकून होते आणि कचेरीतून आले की ओसरीवर पट मांडून बसायचे. घरच्या सुनेने सासऱ्यासमोर उभंही राहायचं नाही असा तो काळ. बुद्धिबळ तर दूरची गोष्ट. पण महिन्यातले चार दिवस आईला कावळा शिवायचा. त्या दिवसांत तिने ओसरीला लागून असलेल्या कोठीच्या दारात वेगळ्या घोंगडीवर बसायचं, कशाला हात लावायचा नाही. स्वयंपाक नाही, पाणी नाही, झाडलोट नाही. करायचं काय, तर समोर बघायचं. समोर पट होता.

एकदा आबाजी शेजारच्या मास्तरांशी खेळत होते. बराच वेळ ते चाल करेनात. तेव्हा कोठीच्या दारातून हळूच आवाज आला, "मामाजी, हत्ती मरून राह्यला तुमचा."

लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि सासऱ्यांशी ती बोललेलं हे पहिलं धड वाक्य. आबाजींनी पटाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. हत्ती खरंच मरत होता. मास्तर गेल्यावर त्यांनी पट उचलून दाराजवळ आणला आणि म्हणाले, "सांग सूनबाई, तू काय चालली असती?"

आजीने आतून आवाज चढवला. लाकडाच्या मोहऱ्यांनाही विटाळ होतो, असं तिचं म्हणणं. आबाजींनी तोड काढली. "हात नाई लावणार ती. तोंडानं सांगन, मी सरकवीन." आणि ते तसंच ठरून गेलं. आई घोंगडीवरून चाल सांगायची, "वजिरापुढचं प्यादं दोन घरं," आणि आबाजी तिचं लाल प्यादं आपल्या हाताने दोन घरं पुढे ठेवायचे. मग आपली हिरवी चाल करायचे. मग पुन्हा तिच्याकडे बघायचे. बाकीचे दिवस तिला कामातून मान वर करायला फुरसत नसायची, त्यामुळे महिनाभरात खेळ व्हायचा तो त्याच दिवसांत. मला हे सगळं बऱ्यापैकी आठवतं, कारण माझ्या लहानपणीही ते चालूच होतं. मी ओसरीच्या पायरीवर बसून बघायचे आणि मला वाटायचं, कावळा शिवला की बायकांना बुद्धिबळ खेळावं लागतं.

मोठेपणी मला त्या प्रथेचा संताप आला, अजूनही येतो. मी आईसमोर तणतणले की ती शांतपणे म्हणायची, "मले तर सुट्टी होती वं ते." गणित शिकवणाऱ्या मुलीला निरुत्तर करायचं तिचं हे ठरलेलं वाक्य.

त्या दारात बसून आईने एक सुरुवात शोधून काढली होती. ती पटाच्या आडवी बसायची, ना लालच्या बाजूला, ना हिरव्याच्या. ती म्हणायची, समोर बसणाऱ्याला आपलीच माणसं दिसतात. बाजूने बघितलं की कोण कोणाच्या समोर उभं आहे ते दिसतं. तिने पाहिलं की आपल्या वजिराची आणि मामाजींच्या राजाची घरं समोरासमोर आहेत, मध्ये फक्त दोन प्यादी उभी. ती प्यादी मधून काढली की वजीर थेट राजाच्या अंगणात. म्हणून ती पहिल्या काही चालींतच आपली दोन प्यादी एकापाठोपाठ मारायला द्यायची. मारायला आलेलं प्यादं तिरपं सरकतं, त्यामुळे मधली गल्ली मोकळी व्हायची आणि लाल वजीर शह द्यायचा. आबाजींनी तिला नाव ठेवलं होतं: दार उघडायची चाल. आईने चाल सांगायला सुरुवात केली की ते म्हणायचे, "झालं, सूनबाईनं दार उघडलं."

त्या चालीवर ती बरेच डाव जिंकली. आबाजी हरले की त्यांचा चेहरा पडायचा. चहा नको म्हणायचे, चप्पल न घालताच देवळाकडे निघून जायचे. आईला बक्षिसं नाहीत, पदव्या नाहीत. लग्न, संसार, आम्हा भावंडांची आजारपणं, सगळं तिने केलं आणि त्यातलं काहीही स्वतःहून कुणाला सांगितलं नाही. फक्त एकच गोष्ट ती कुणी न विचारता सांगायची: मेहकरच्या ओसरीवर मी मामाजींना हरवत होते.

तर एका संध्याकाळी काका कुठल्याशा सुरुवातीची चिरफाड करत होते. आई दारापाशी वाल सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भाऊजी, माही चाल दाखवा बरं तुमच्या पंचाले."

काकांना मजा वाटली. "सांगा वहिनी." ती तिथूनच सांगत गेली आणि काका माऊस सरकवत गेले. वजिरापुढचं प्यादं दोन घरं. मग उंटापुढचं. ते मेलं, मग दुसरं. मधली गल्ली मोकळी झाली. मशीनने क्षणाचाही विचार न करता वजीर पुढे आणून आईचा वजीर मारला, आईने राजाने तो परत मारला. दोन्ही वजीर पटावरून गेले आणि आई दोन प्याद्यांनी मागे राहिली. पटाखालचा आकडा उणे झाला, आणि बराच उणे झाला.

"संपलं," काका म्हणाले. "याला थिअरी नाही वहिनी. वजिराला वजीर जातो आणि तुम्ही दोन प्यादी फुकट देऊन बसता."

"मंग मामाजी काऊन हरायचे?" आईने विचारलं.

काका मनाने वाईट नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते. ते जे बोलले ते हसत, मायेनेच बोलले. "वहिनी, राग मानू नका. आबाजी तुम्हाला जिंकू द्यायचे. तुम्ही बिचाऱ्या चार दिवस दारात बसलेल्या, तेवढीच करमणूक. मी सुट्टीत घरी असायचो तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय. बाहेर काढलेला घोडा ते कितीतरी वेळ विचार करून परत तबेल्यात नेऊन ठेवायचे. आबाजींसारखा माणूस घोडा परत तबेल्यात नेईल? आयुष्यात मला त्यांच्यावर एक डाव जिंकता आला नाही."

आईने वालाच्या शेंगा गोळा केल्या. "हाव. असंन," म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पट मांडला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बिस्किटांचा डबा कपाटावर गेला. मला काकांचा इतका राग आला की त्यांच्या चहात मी साखर घालायची विसरले, आणि ते विसरणं अजिबात आपोआप झालेलं नव्हतं. त्यांनी तो चहा निमूटपणे प्यायला. त्यांनाही कळलं होतं की आपण काहीतरी तोडलं आहे, फक्त ते परत कसं जोडायचं ते कळत नव्हतं.

मी आईला म्हटलं, "काकांचं काय मनावर घेतेस? ते पुस्तकी."

तेव्हा ती जे बोलली ते मी कधी विसरणार नाही. "त्याईचं नाई वं घेतलं मनावर. मले आधीपासून वाटे. जिंकलं की पहिले खुशी व्हायची, अन् रातच्याले वाटायचं, मामाजीले दया तं नसंन आली आपली? विचारता तं येत नव्हतं. भाऊजी फक्त बोलले."

म्हणजे इतकी वर्षं ती आपल्या त्या एका गोष्टीवर पूर्ण विश्वास न ठेवताच ती सांगत आली होती. कीव म्हणून मिळालेलं यश आपल्याला किती नकोसं असतं, हे मला माझ्या नोकरीत चांगलं समजलं होतं. आईला ती शंका आयुष्यभर छळत आली होती.

त्या रविवारी दुपारी मीच डबा खाली काढला. आईला म्हटलं, "मला तुझी चाल शिकव. जिंकायची नसली तरी चालेल, पण शिकव." ती नाही नाही म्हणत बसली आणि पट मांडायला लागली. लाल मोहरी मांडून झाली, मग हिरवी. मी बघत होते आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

"आई, हिरवा राजा चुकीच्या घरात ठेवलास. राजासमोर राजा येतो, वजिरासमोर वजीर. काकांनी मला तसंच शिकवलंय."

"कोणी सांगतलं?" आई म्हणाली. "ज्याचा राजा त्याच्या उजव्या हाताले. मामाजीच्या उजव्या हाताले त्यायचा राजा, माह्या उजव्या हाताले माहा. वजिरासमोर राजाच येते. नाई तं दार उघडून काय करू, वजिराची गळाभेट घेऊ?"

मी पटाकडे बघत राहिले. मग उठून कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्यावरच्या पटाकडे बघत राहिले. मेहकरच्या घरात पट जुन्या रीतीने मांडायचे. प्रत्येकाचा राजा त्याच्या उजव्या हाताला, त्यामुळे एकाच्या वजिरासमोर दुसऱ्याचा राजा. पुस्तकात आणि मशीनमध्ये तसं नाही. आणि गंमत म्हणजे आईची स्वतःची बाजू दोन्हीकडे एकसारखीच होती. फरक होता तो फक्त समोरच्या बाजूला. म्हणूनच आईने सांगितलेली प्रत्येक चाल मशीनमध्ये बिनतक्रार बसत गेली आणि कुणाला काही खटकलं नाही. काकाही जुन्या पटावरच शिकले होते, पण पुस्तकं हातात आल्यावर ते ती मांडणी पार विसरून गेले. आणि आईला पडद्यावर राजा कुठला, वजीर कुठला हे दिसलंच नव्हतं. तिथे दोघांच्याही डोक्यावर मुकुट, आणि तिचा चष्मा आत देव्हाऱ्याजवळ. वजिराला वजीर गेला हे ऐकून तिला वाटलं, पंचाने वजीर बाजूच्या घरातून आणून राजाच्या आड घातला असेल.

काका संध्याकाळी आले तेव्हा मी त्यांना चपला काढायलाही वेळ दिला नाही. लाकडी पट समोर ठेवला आणि म्हटलं, "आबाजी पट कसा मांडायचे?" त्यांनी हिरवा राजा उचलला, त्याच्या घरात ठेवला, आणि हात तसाच राहिला. ते मोहऱ्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, "अरे बाप्पा."

त्या प्रोग्राममध्ये मोहरी आपल्याला हवी तशी मांडून द्यायची सोय होती. मी समोरच्या बाजूचे, काळा राजा आणि काळा वजीर यांची घरं बदलली. काकांना तेवढ्यात एक शंका आलीच. मेहकरच्या खेळात राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, ती पंचाला कशी शिकवणार? दारापाशी आपल्या जागेवर बसलेल्या आईने उत्तर दिलं. "शह बसला का उडी गेली. मी तं पहिले शहच देत होती." थिअरी आईकडेही होती, फक्त इंग्रजीत नव्हती.

आम्ही सुरू करणार तोच लाइन गेली.

एरवी काका अशा वेळी उठून घरी जातात. त्या दिवशी उठले नाहीत. मी मेणबत्ती लावली. तिघंही बसून राहिलो. काकांनी विचारलं, "वहिनी, हरल्यावर आबाजी चहा घ्यायचे नाहीत, ते खरंच?"

"खरंच. अन् बिना चपलेचे जात. मले वाटे, नाटक करून राह्यले. माह्या मनाले बरं वाटावं म्हणून."

काका म्हणाले, "मला हरवल्यावर ते दोन कप घ्यायचे." आणि त्या अंधारात मला पहिल्यांदाच लक्षात आलं की या प्रश्नात त्यांचाही जीव अडकला आहे. वडिलांना हरवता आलं नाही याचं त्यांनी आयुष्यभर एकच समाधान करून घेतलं होतं, की त्यांना कुणीच हरवू शकत नव्हतं.

लाइन आली. मशीन पुन्हा सुरू झालं, मी पुन्हा मोहरी मांडली. आई तिथेच दारात, जिथून तिला पडदा दिसत नव्हता. तिने चाल सांगायची, मी करायची, आणि समोरून मशीन खेळणार. पहिल्या दोन प्याद्यांपाशीच आई म्हणाली, "आता मामाजी उंट काढतीन." मशीनने उंट काढला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "होतं असं कधी," म्हणाले. गल्ली मोकळी झाली, आईच्या वजिराने शह दिला. मशीनने उंट मध्ये घातला. "बरोबर," दारातून आवाज आला. आकडा आता उणे नव्हता. काकांच्या खुर्चीचा आवाज व्हायचा थांबला होता. आईने आपला घोडा पुढे सांगितला, मी तो ठेवला, आणि मशीन विचार करायला लागलं.

बराच वेळ लागला. मशीन आपला बेत पडद्याच्या कडेला लिहून दाखवायचं. आधी एक चाल दिसली, मग ती गेली, दुसरी आली. काका पुढे वाकले. "घोडा नाही म्हणतोय, वहिनी. वजीर म्हणतोय." आकडा सरकत होता. वजीरही गेला, हत्ती आला, हत्तीही गेला.

आणि मग बाहेर आलेला काळा घोडा पटावरून उचलला गेला आणि परत आपल्या मूळ घरात जाऊन बसला.

मला आधी कळलंच नाही. काकांना कळलं. मूळ घरातून तो घोडा राजासमोरचं घर राखत होता, आणि तेवढं एकच घर राखायचं राहिलं होतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत लावला. पुन्हा पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "घोडा परत गेला."

"तबेल्यात?"

"हो. तबेल्यात."

मग आईने विचारलं, "मंग वाचते का राजा?"

काकांनी आकडा पाहिला. तो अधिक होता आणि अधिकच राहिला. "नाही वाचत. पण दुसरी चालच नव्हती. याच्याहून चांगली कोणतीच नव्हती." आणि मग त्यांचा आवाज बदलला, पुस्तकं वाचण्याच्या आधीचा, मेहकरचा आवाज आला. "आबाजी खरंच हरून राह्यले होते. तुमच्यापुढं. अन् मले वाटलं देऊन राह्यले."

"त्याईनं कोणालेच नाई दिलं, भाऊजी," आई म्हणाली. "तुमालेबी नाई, मलेबी नाई. म्या घेतले ते डाव." ती हे काही जोरात बोलली नाही. पदराने डोळे पुसले आणि मग स्वतःलाच हसली. "चहा पिले असते तं काय बिघडलं असतं मामाजीचं. म्या तं उगीच त्याईच्या रागावर संशय घेतला."

काकांच्या चहात त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त साखर घातली. त्यांना मधुमेह नव्हता, आणि असता तरी घातली असती.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा पट मांडलेला होता. आई पटासमोर बसली नव्हती. ती बाजूला, दाराच्या उंबऱ्याला टेकून आडवी बसली होती, आणि हिरव्या मोहऱ्यांसमोर तिने पाट ठेवला होता. मी पर्स खाली ठेवली.

"बस मामाजीच्या जागेवर," ती म्हणाली. "माह्या चाली तू सरकव. अन् पाह्य, मुद्दाम हरू नोको."

मी मुद्दाम हरले नाही. तरी हरले.